विश्लेषण : पिसवांच्या अभ्यासात हयात घालवणाऱ्या मिरियम रॉथशिल्ड कोण होत्या? मुंबईच्या प्लेगशी आणि कोकणातल्या माकडतापाशी त्यांच्या कामाचा काय संबंध?

पिसू, गोचीड, ऊ, जंत... नाव काढले तरी अंग शहारते. अशा जिवांचा अभ्यास करून कुणाचे काय भले होणार, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. पण सव्वाशे वर्षांपूर्वी मुंबईत प्लेग शिरला, तेव्हा तो पसरवणारी पिसू कोणती हे कोणालाच ठाऊक नव्हते, आणि त्या अज्ञानाची किंमत लाखो लोकांनी जीव देऊन मोजली. त्या पिसवेला शास्त्रीय नाव देणाऱ्या माणसाची मुलगी पुढे परजीवी आणि त्यांचे यजमान यांच्या नात्याची जगातली एक मोठी अभ्यासक झाली. मिरियम रॉथशिल्ड यांच्या संशोधनाचा हा आढावा, आणि त्यातून आज महाराष्ट्राने काय घ्यायचे याचाही विचार.

मिरियम रॉथशिल्ड कोण?

मिरियम लुईझा रॉथशिल्ड यांचा जन्म ५ ऑगस्ट १९०८ रोजी इंग्लंडमधील नॉर्दॅम्प्टनशर परगण्यातल्या ॲश्टन वोल्ड येथे झाला. घराणे युरोपातल्या नामांकित सावकारांचे. वडील चार्ल्स रॉथशिल्ड दिवसा पेढीवर बसत. उरलेला वेळ मात्र पिसवांचा. त्यांनी पिसवांच्या सुमारे ५०० नव्या जातींचे वर्णन केले. काका वॉल्टर रॉथशिल्ड यांनी ट्रिंग येथे स्वत:चे प्राणिसंग्रहालय उभारले होते. त्यामुळे मिरियम यांचे बालपण पुस्तकांइतकेच फुलपाखरे, बीटल आणि पिसवांच्या सहवासात गेले.

औपचारिक शिक्षणाने मुलांचे कुतूहल मरते, असे वडिलांचे मत. परिणामी मिरियम यांना शाळेत घातलेच नाही. १९२३ मध्ये वडिलांचे निधन झाले, तेव्हा त्या १५ वर्षांच्या होत्या. नंतर वयाच्या १७ व्या वर्षी त्यांनी स्वत:च हट्ट धरून लंडनच्या चेल्सी पॉलिटेक्निकमध्ये संध्याकाळच्या वर्गांना जायला सुरुवात केली. परीक्षा देऊन मिळवलेली विद्यापीठाची पदवी त्यांच्याकडे कधीच नव्हती. तरीही १९८५ मध्ये त्या रॉयल सोसायटीच्या फेलो झाल्या. २० जानेवारी २००५ रोजी, ९६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

वडिलांच्या पिसवांचा मुंबईशी काय संबंध?

सप्टेंबर १८९६. मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. बघता बघता शहर ओस पडू लागले. पुण्यात प्लेग बंदोबस्ताच्या नावाखाली घराघरांत शिरून झडत्या सुरू झाल्या. त्या संतापातून २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या. त्याआधी तीन महिने, १० मार्च रोजी, प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले यांचा मृत्यू झाला होता. महाराष्ट्राच्या इतिहासात प्लेग असा खोलवर रुतलेला आहे.

त्या काळात सरकार नेमके काय करत होते? गटारे धुणे, भिंतींना चुना मारणे, कौले काढून घरात ऊन सोडणे, रुग्णाचे सामान जाळणे, माणसांना छावणीत हलवणे. या सगळ्याच्या मागे एकच समजूत होती : रोग घाणीतून, दूषित हवेतून किंवा माणसाच्या स्पर्शाने पसरतो. प्लेगचा जिवाणू १८९४ मध्ये हाँगकाँगला अलेक्झांडर येरसँ यांनी शोधला होता. वाल्देमार हाफकिन यांनी मुंबईत लस तयार करून जानेवारी १८९७ मध्ये ती आधी स्वत:ला टोचून घेतली होती. पण जिवाणू उंदरातून माणसात येतो कसा, हा दुवा सापडलेला नव्हता.

१८९८ मध्ये कराचीत फ्रेंच वैद्य पॉल-लुई सिमोंद यांनी तो दाखवून दिला. प्लेगने आजारी उंदीर आणि निरोगी उंदीर एकमेकांना शिवू शकणार नाहीत असे ठेवले, पण पिसवांना वाट मोकळी ठेवली. निरोगी उंदरालाही प्लेग झाला. तरी कित्येक वर्षे या निष्कर्षावर कोणी फारसा विश्वास ठेवला नाही. अखेर १९०५ पासून परळच्या प्रयोगशाळेत (आजची हाफकिन संस्था) प्लेग संशोधन आयोगाने गिनीपिगवर प्रयोग केले. प्लेगच्या घरात जमिनीवर ठेवलेले गिनीपिग मेले, पण पिसवांची उडी पोहोचणार नाही इतक्या उंचीवर टांगलेल्या पिंजऱ्यातले वाचले. पिसवेचा दोष सिद्ध झाला.

ही पिसू कोणती? १९०३ मध्ये चार्ल्स रॉथशिल्ड यांनी सुदानमधील शेंडी येथे मिळालेल्या उंदरांवरच्या पिसवेचे वर्णन प्रसिद्ध केले होते. इजिप्तच्या केऑप्स राजावरून तिचे नाव ठेवले, झेनोप्सिला केऑपिस. आयोगाच्या मुंबईतल्या उंदरांवर प्रामुख्याने सापडली ती हीच.

नुसते नाव देऊन काय साधले?

बरेच काही. मुंबई, पुणे, पंजाबात प्लेगने थैमान घातले. देशभरात दोन-तीन दशकांत एक कोटीहून अधिक बळी गेले. पण मद्रास शहर मात्र मोठ्या प्रमाणात वाचले. असे का? उंदीर तिथेही होते, पिसवाही होत्या.

उत्तर पिसवेच्या जातीत होते. १९११ मध्ये चार्ल्स रॉथशिल्ड यांनी झेनोप्सिला अस्टिया नावाच्या दुसऱ्या एका पिसवेचे वर्णन केले. वरवर पाहता ती केऑपिससारखीच. फरक सूक्ष्मदर्शकाखालीच कळतो. कोलंबोत काम करणाऱ्या फेबियन हर्स्ट यांनी दाखवले, की जिथे उंदरांवर अस्टिया जास्त, तिथे प्लेग फारसा पसरत नाही. मद्रासबाबतही हे एक महत्त्वाचे कारण ठरले.

१९१४ मध्ये बॅकट आणि मार्टिन या संशोधकांनी प्लेग पसरवण्याची यंत्रणाही उलगडली. प्लेगचे जिवाणू पिसवेच्या अन्ननलिकेत वाढून तिथे बोळा बसतो. प्यायलेले रक्त पोटात जात नाही. भुकेली पिसू पुन्हा पुन्हा चावते आणि दर वेळी बोळ्याला लागून आलेले रक्त जिवाणूंसह जखमेत परत टाकते. म्हणजे रोग पिसवेलाही सोडत नाही. केऑपिसमध्ये हा बोळा सहज बसतो, म्हणून ती घातक.

टाचणीच्या टोकाएवढ्या दोन जिवांमधला फरक टिपण्याचे हे काम प्लेग येण्याआधी कोणी केले असते, तर त्याला रिकामटेकडेपणाच म्हटले असते. प्लेग आल्यावर त्याच फरकावर शहरांचे भवितव्य ठरत होते.

मिरियम यांच्या संशोधनाची सुरुवात कुठून झाली?

पिसवांपासून नव्हे, गोगलगायींपासून. १९३० च्या दशकात त्या प्लिमथच्या सागरी जीवशास्त्र केंद्रात काम करत होत्या. चिखलाच्या किनाऱ्यावर राहणाऱ्या एका छोट्या गोगलगायीच्या पोटात पानासारख्या चपट्या कृमींच्या अळ्या वाढतात. मिरियम यांना दिसले, की ज्या गोगलगायींना ही लागण झाली आहे त्या निरोगी गोगलगायींपेक्षा मोठ्या होतात. त्यांचा निबंध १९३६ चा आहे.

लागण झालेला जीव रोडावेल अशीच कोणाचीही अपेक्षा. इथे उलटे घडत होते. त्याचा अर्थ असा लावला गेला, की कृमी गोगलगायीचे प्रजननाचे अवयव निकामी करतात. त्यामुळे प्रजननाला लागणारी शक्ती शिल्लक राहते आणि ती वाढीकडे वळते. गोगलगाय जिवंत आहे, फिरते आहे, खाते आहे. पण तिचे शरीर आता कृमींच्या कामाला जुंपलेले आहे. एका किनारी गोगलगायीतून दिवसाला सरासरी तीन हजारांहून अधिक अळ्या बाहेर पडतात आणि हे वर्षानुवर्षे चालू राहते, असेही त्यांनी एका सहकाऱ्यासह १९४० मध्ये नोंदवले.

दुसऱ्या महायुद्धात जर्मन विमानांच्या बॉम्बहल्ल्यात त्यांची प्लिमथची प्रयोगशाळा, नमुने आणि टिपणे नष्ट झाली. सात वर्षांचे काम गेले. युद्धकाळात त्यांनी ब्लेचली पार्क येथे शत्रूचे गुप्त संदेश उलगडणाऱ्या पथकात काम केले. युद्ध संपल्यावर त्या पुन्हा परजीवींकडे वळल्या, पण या वेळी पिसवांकडे.

गोगलगाय आणि कृमी ही गोष्ट महाराष्ट्रालाही परकी नाही. रत्नागिरी जिल्ह्यातल्या गुहागर तालुक्यातील गिमवी गावात लोकांच्या लघवीतून रक्त जाण्याचा विकार आढळला. १९५२ मध्ये गाडगीळ आणि शाह या संशोधकांनी तो शिस्टोसोमा या चपट्या कृमीमुळे होत असल्याचे दाखवले. आफ्रिकेत सर्रास आढळणाऱ्या या रोगाचे भारतातले हे दुर्मीळ ठिकाण. तिथेही मधला यजमान एक इवलीशी गोगलगायच होती. ती सापडल्याशिवाय रोगाचे चक्र कळणे शक्य नव्हते.

पिसवांची सूची करायला किती वर्षे लागली?

जगात पिसवांच्या सुमारे २,५०० जाती ज्ञात आहेत. चार्ल्स रॉथशिल्ड यांनी आपला प्रचंड संग्रह ब्रिटिश संग्रहालयाच्या स्वाधीन केला होता. त्याची सचित्र सूची करण्याचे काम मिरियम यांनी जी. एच. ई. हॉपकिन्स यांच्यासह हाती घेतले. पहिला खंड १९५३ मध्ये आला, पाचवा १९७१ मध्ये. जवळपास दोन दशके प्रत्येक पिसवेचे केस, काटे, पायांची ठेवण पाहून नोंदवणे, हे काम अत्यंत किचकट. आजही एखाद्या दुर्गम भागात उंदरावर पिसू सापडली, तर ती कोणती हे ठरवताना अभ्यासक याच खंडांकडे वळतात.

दरम्यान १९५२ मध्ये थेरेसा क्ले यांच्यासह लिहिलेले ‘फ्लीज, फ्लूक्स अँड ककूज’ हे त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. पक्ष्यांवर जगणाऱ्या साऱ्या जिवांची ओळख त्यात आहे. पिसवा, उवा, कृमी आणि दुसऱ्याच्या घरट्यात अंडी घालणारे पक्षीही. कावळ्याच्या घरट्यात अंडी घालणारी आपली कोकिळा याच जातकुळीतली. परजीवी म्हणजे किळसवाणे किडे एवढाच अर्थ नसून ती जगण्याची एक रीत आहे, हे सामान्य वाचकाला या पुस्तकाने सांगितले.

सशाच्या पिसवेचा शोध एवढा महत्त्वाचा का?

१९५३ मध्ये मिक्सोमॅटोसिस हा सशांचा विषाणूजन्य रोग ब्रिटनमध्ये आला. सशांची संख्या आटोक्यात आणण्यासाठी ऑस्ट्रेलियाने १९५० मध्ये तो मुद्दाम सोडला होता. तिथे तो डासांनी पसरवला. ब्रिटनमध्ये मात्र तो सशाच्या पिसवेने पसरवला आणि बहुतेक सारे रानससे मेले. साहजिकच या पिसवेकडे लक्ष गेले. पण प्रयोगशाळेत ती पिलावतच नव्हती. सशावर सोडली, तर रक्त प्यायची, जगायची. पण अंडी नाहीत.

याचे कारण शोधण्यात मिरियम रॉथशिल्ड आणि बॉब फोर्ड यांचा, तसेच मीड-ब्रिग्ज या संशोधकाचा वाटा मोठा. १९६० च्या दशकाच्या पूर्वार्धात उत्तर मिळाले. पिसवेची मादी अंडी धरते ती ससा-मादी गाभण असेल तरच. सशाच्या महिनाभराच्या गर्भारपणातल्या शेवटच्या सुमारे दहा दिवसांत तिच्या रक्तातल्या हार्मोनचे प्रमाण बदलते. ते रक्त पिऊन पिसवेची अंडी तयार होतात. पिल्ले जन्मताच काही तासांत पिसवा आईच्या अंगावरून पिल्लांवर उतरतात, तिथे रक्त पितात, मीलन होते, बिळातच अंडी घातली जातात आणि मग मोठ्या पिसवा पुन्हा आईकडे परततात. नव्या पिसवा तयार होईपर्यंत पिल्ले बिळाबाहेर पडण्याच्या वयाची झालेली असतात. प्रत्येकाला नवे घर तयार!

एखाद्या कीटकाच्या प्रजननाची घडी त्याच्या यजमानाच्या हार्मोनवर चालते, हे प्रथमच दिसले होते. यजमान हा परजीवीसाठी नुसते अन्न नसतो. तो त्याचे ऋतुमान असतो, घर असतो, पंचांगही असतो. या शोधाने परजीवींच्या अभ्यासाची दिशा बदलली. ‘कोणता जीव कोणाच्या अंगावर सापडतो’ या यादीपुरता तो अभ्यास न राहता, ‘दोघांच्या शरीरांचे एकमेकांशी काय चालते’ इथपर्यंत तो पोहोचला.

त्याचा व्यावहारिक उपयोगही झाला. ऑस्ट्रेलियात डास कमी असलेल्या कोरड्या भागात रोग पसरवण्यासाठी सशाची पिसू १९६० च्या दशकात मुद्दाम नेण्यात आली. ती वाढवायची तर गाभण मादी हवी, हे आता ठाऊक होते.

पिसवेच्या उडीबाबत त्या चुकल्या होत्या का?

अर्ध्या बरोबर, अर्ध्या चुकीच्या. पिसू आपल्या लांबीच्या कितीतरी पट उंच उडी मारते. उडताना तिचा वेग इतक्या झपाट्याने वाढतो, की नुसत्या स्नायूंना ते शक्य नाही. १९६० च्या दशकाच्या अखेरीस हेन्री बेनेट-क्लार्क यांनी आणि त्याच सुमारास मिरियम व त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा उलगडा केला. पिसवेच्या छातीत रेझिलिन या रबरासारख्या प्रथिनाची गादी असते. पिसू ती दाबून ठेवते आणि एका क्षणात मोकळी करते. गलोलीचे रबर ताणून सोडावे तसे. उडणाऱ्या कीटकांच्या पंखांच्या सांध्यात हेच प्रथिन असते. म्हणजे पिसवेचे पूर्वज पंखांचे होते. पंख गेले, पण त्यांचे साधन उडीच्या कामी आले.

वाद होता तो पाय नेमका कुठून रेटा देतो यावर. मिरियम यांच्या मते पायाच्या वरच्या, मांडीजवळच्या भागातून. बेनेट-क्लार्क यांच्या मते खालच्या भागातून. दोघांच्या हयातीत पुरेसे वेगवान कॅमेरे नव्हते म्हणून हा वाद चाळीसेक वर्षे मिटला नाही, असे म्हणणे मात्र बरोबर नाही. बेनेट-क्लार्क हयात असतानाच, २०११ मध्ये केंब्रिजच्या ग्रेगरी सटन आणि माल्कम बरोज यांनी अतिवेगवान चित्रीकरणाने तो मिटवला. बेनेट-क्लार्क बरोबर ठरले. मिरियम तेव्हा हयात नव्हत्या. पण गादीत शक्ती साठवण्याचा मूळ सिद्धांत टिकला. विज्ञानात मोठे नाव असले तरी पुराव्यापुढे कोणाची सूट नसते, याचे हे चांगले उदाहरण.

पदवी नसताना हा मान कसा मिळाला?

हा प्रश्न सोपा नाही. मिरियम यांच्याकडे पैसा होता, घरचा संग्रह होता, ओळखी होत्या. कोणाकडे नोकरी मागण्याची गरज नव्हती. त्या काळी हुशार असूनही असंख्य स्त्रियांना प्रयोगशाळेचे दारही उघडले नाही. मिरियम यांना ते उघडून मिळाले, यात घराण्याचा वाटा होता. हे नाकारून त्यांचे कौतुक करणे प्रामाणिकपणाचे नाही.

पण पैशाने सूक्ष्मदर्शक मिळतो, त्यावर वर्षानुवर्षे डोळे लावून बसण्याची चिकाटी मिळत नाही. त्यांच्या नावावर शेकडो शोधनिबंध आहेत. नोबेल विजेते तादेउश राइखश्टाइन यांच्यासह त्यांनी मोनार्क फुलपाखरू विषारी का असते याचा शोध घेतला. त्याच्या अळ्या रुईच्या कुळातली झाडे खातात आणि त्या चिकातले हृदयावर परिणाम करणारे विष अंगात साठवतात. म्हणून पक्षी त्यांना टाळतात. आपल्याकडे रुईच्या झुडपावर दिसणारी पट्टेदार अळी आणि तिचे तांबूस फुलपाखरू याच गटातले. १९६८ मध्ये ऑक्सफर्डने मिरियम यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली आणि २००० मध्ये त्यांना ‘डेम’ हा किताब मिळाला.

महाराष्ट्रासाठी आज याचा उपयोग काय?

तीन घटना पाहू. ऑगस्ट १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातील मामला गावात पिसवांचा उपद्रव वाढला, उंदीर मरून पडू लागले आणि मग माणसांना गाठींचा प्लेग झाला. पाठोपाठ सुरतमध्ये फुप्फुसाच्या प्लेगची साथ आली आणि लोक शहर सोडून पळाले. बीडमधल्या प्लेगचा संबंध अनेक तज्ज्ञांनी आदल्या वर्षीच्या किल्लारी भूकंपाशी जोडला. पडक्या घरांत धान्य राहिले, उंदीर वाढले, त्यांच्याबरोबर पिसवाही. गावकऱ्यांना पिसवा चावत होत्या तेव्हा धोक्याची घंटा वाजत होती. ती ऐकायला पिसू ओळखणारा माणूस लागतो.

इथे एक नियम महत्त्वाचा. प्लेगमध्ये आधी उंदीर मारायचे नाहीत. आधी पिसवा मारायच्या. उंदीर मेला, की त्याचे थंड शरीर सोडून भुकेल्या पिसवा जवळच्या माणसाकडे येतात. १८९७ च्या प्रशासनाला हे ठाऊक नव्हते. आज ठाऊक आहे, ते पिसवेच्या सवयी कोणीतरी तपासल्या म्हणून.

दुसरी घटना माकडतापाची. १९५७ मध्ये कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूर जंगलात माकडे मरू लागली आणि जंगलात जाणारी माणसे तापाने फणफणली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने (आजची राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था) हा नवा विषाणू शोधला आणि तो गोचिडीतून पसरतो हे सिद्ध केले. २०१५ मध्ये तो गोव्यातल्या सत्तरीत आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गात पोहोचला. दोडामार्ग, सावंतवाडी परिसरात काजूच्या हंगामात बागेत राबणाऱ्यांना त्याचा फटका बसला. इथेही तीच रीत दिसते. माकड मेले, की त्याच्या अंगावरच्या गोचिडी आसपास पसरतात आणि ती जागा धोक्याची बनते. मोठ्या गोचिडी गाई-म्हशींवर पोसल्या जातात. गुरे आजारी पडत नाहीत, पण गोचिडी वाढतात. म्हणजे माकडतापाचे उत्तर फक्त दवाखान्यात नाही. ते जंगल, गुरे, माकडे आणि माणसाचा हंगामी वावर या साऱ्यांच्या हिशेबात आहे.

तिसरी घटना स्क्रब टायफसची. २०१८ मध्ये विदर्भात या रोगाने डोके वर काढले. तो पसरवतात गवत-झुडपांत राहणाऱ्या किडीच्या अळ्या, ज्या एरवी उंदरांच्या कानात चिकटून असतात. तापाचा रुग्ण दाखल झाल्यावर अंगावर चाव्याचा काळा डाग शोधायचा, हे डॉक्टरला ठाऊक असेल तर साध्या औषधाने जीव वाचतो. उशीर झाला तर वाचत नाही.

परजीवी वाचवायचेही असतात का?

ऐकायला विचित्र वाटेल, पण हा विचार आता गांभीर्याने मांडला जातो. २०१७ मध्ये ‘सायन्स ॲडव्हान्सेस’ नियतकालिकातील एका अभ्यासात म्हटले होते, की हवामान बदल आणि यजमानांचा नाश धरला तर २०७० पर्यंत परजीवींच्या एक तृतीयांश जाती नष्ट होऊ शकतात. अमेरिकेत कॅलिफोर्नियाचे मोठे गिधाड वाचवताना त्यांच्या अंगावरच्या उवा औषधाने मारल्या गेल्या. फक्त त्याच गिधाडावर राहणारी एक जात त्यात कायमची संपली. आसाममधल्या चिमुकल्या रानडुकरावर राहणारी ऊही अतिसंकटग्रस्त मानली जाते.

मिरियम यांचे काम या वादाला आधार देते. परजीवी यजमानांची संख्या आवरतात, एकाला वरचढ होऊ देत नाहीत, अन्नसाखळीचे धागे जुळवतात. प्लेगची पिसू जपा असे कोणी म्हणत नाही. मुद्दा इतकाच, की हजारो जातींपैकी माणसाला उपद्रव देणाऱ्या मोजक्याच. त्या कोणत्या हे कळण्यासाठी बाकीच्याही ओळखता यायला हव्यात. कोलंबो आणि मद्रासच्या पिसवेने हेच शिकवले.

यातून धडा काय घ्यायचा?

साथ आली की पैसा येतो, पथके येतात, फवारणी होते. साथ गेली की सारे विसरले जाते. पिसू, गोचीड, गोगलगाय ओळखणारा अभ्यासक मात्र साथीच्या आठवड्यात तयार होत नाही. त्याला संग्रहालये लागतात, नीट जपलेले जुने नमुने लागतात, जंगलात वर्षानुवर्षे जाऊन नोंदी करण्याची मुभा लागते. आणि ‘याचा उपयोग काय?’ हा प्रश्न दर वर्षी न विचारणारा निधी लागतो. आपल्या विद्यापीठांत प्राणिशास्त्राचे तरुण रेणूंच्या प्रयोगशाळेकडे वळतात, कारण नोकरी आणि प्रतिष्ठा तिथे आहे. त्यांना दोष देऊन चालणार नाही. जनुकीय चाचणी विषाणू ओळखते. पण तो कोणत्या गोचिडीत, कोणत्या महिन्यात, कोणत्या गुरांवर वाढतो हे सांगायला रानात जावे लागते.

रॉथशिल्ड कुटुंबाने हे काम स्वत:च्या पैशाने केले. असा धनवान हौशी अभ्यासक प्रत्येक पिढीत जन्माला येईल, या भरवशावर कोणत्याही राज्याला आरोग्य सोडता येणार नाही. गोचिडींचा हंगाम दर हिवाळ्यात कोकणात येतोच. त्याआधी जिल्हा पातळीवर आरोग्य, पशुसंवर्धन आणि वन या तिन्ही खात्यांनी मिळून गोचिडी गोळा करणे, मेलेल्या माकडाची खबर लगेच कळवणे आणि काजू बागेत जाणाऱ्यांना अंगाला लावायचे औषध पोहोचवणे, एवढे नियमित झाले तरी काही जीव वाचतील. त्यासाठी नव्या शोधाची गरज नाही; असलेले ज्ञान वेळेवर वापरण्याची आहे.